नावापुरती वाटणी

आमच्या घराला घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. खाली दुकानात तात्यांची हातोडी वाजायला लागली की वर आई म्हणायची, चला, दुकान उघडलं. ती थांबली की संध्याकाळच्या जेवणाची पानं मांडायची. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणारी माणसं, त्यामुळे हातोडी वेळेवर थांबणं फार महत्त्वाचं. टक टक टक, मध्ये थोडी विश्रांती, पुन्हा टक टक. विश्रांती लांबली तर समजायचं की तात्यांनी भांडं उजेडाकडं धरलंय आणि आपलंच अक्षर बघत बसलेत. सांगलीच्या पेठेत आमचं भांड्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागं परसात तुळस आणि एक पपईचं झाड. भांडी विकायचे माझे वडील, म्हणजे आप्पा. त्या भांड्यांवर नावं घालायचे त्यांचे धाकटे भाऊ, भूपालतात्या.

आता स्वतःच्या भांड्यावर कोण नाव घालतं? माझ्या नातसुनेला मी विचारलं तर ती म्हणाली, आजी, भांडं हरवतं कशाला? तिला काय सांगायचं! तेव्हा लग्नकार्यात गावभरची भांडी एका मांडवात गोळा व्हायची, आणि परत घरी यायची ती नावाच्या आधारानं. शिवाय आहेर. नाव न घातलेलं भांडं आहेरात देणं म्हणजे न देण्यासारखंच. ‘चि. सौ. कां. अमुक हिला मामा-मामीकडून सप्रेम भेट’ हे परातीच्या काठावर गोल फिरून आलं पाहिजे, म्हणजे मामीचा जीव थंड व्हायचा. हे सगळं आमच्याकडं फुकट होतं. भांडं घ्या, नाव घालून न्या. तात्या मोठ्या मनाचे, गिऱ्हाइकानं एक ओळ सांगितली की हे दोन ओळी घालायचे, वर एखादं कमळही काढायचे. आप्पा गल्ल्यावरून म्हणायचे, “भूपाल, कमळ कुनी सांगितलं हुतं?” तात्या मान खाली घालूनच उत्तर द्यायचे, “जागा हुती की आप्पा.”

तात्या फुकट नावं घालायचे आणि त्यांना स्वतःलाही फुकटच ठेवलेलं होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. घर एक, चूल एक, गल्ला एक आणि गल्ल्याची किल्ली आप्पांच्या जानव्याला. तात्यांना नवी चप्पल हवी असली तर ते आधी आईला सांगत, आई आप्पांना सांगे, आणि आप्पा एकदा चपलेकडं बघून म्हणत, “अजून सहा म्हैने जातीया की.” आप्पा दुष्ट नव्हते. स्वतःच्या चपलेबद्दलही ते हेच म्हणत. आमच्या सुशीलाकाकूचं दुःख वेगळं होतं. ती निपाणीकडची, तिखटाच्या मुलखातली, आणि आप्पांचं पोट नाजूक. म्हणून घरात सगळ्यांना आमटी मिळायची ती आप्पांच्या पोटाच्या मापाची. पिवळी, गोडसर, गरीब. काकू लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या जेवणाला म्हणे तिनं आईला हळूच विचारलं होतं, “अक्का, कुनी आजारी हाय काय घरात?”

असं सगळं सुखानं चाललेलं असताना कर बदलला.

म्हणजे काय झालं, ते मला जितकं कळलं तितकं सांगते. आधी विक्रीकर आम्ही गिऱ्हाइकाकडून घ्यायचो. भांड्याची किंमत वेगळी, खाली कर वेगळा, आणि गिऱ्हाईक त्या खालच्या आकड्यावरून भांडायचं. आता ठरलं की कर वरच्या ठोक व्यापाऱ्यानंच भरायचा आणि आमच्याकडं माल करासकट यायचा. आम्ही तो आला तसा विकला तर पुन्हा कर नाही. ऐकायला सोपं होतं, पण पेठेत सोपी गोष्ट कुणाला खरी वाटत नाही. भाव वाढणार अशी हूल उठली आणि लोक स्टीलवर तुटून पडले. पितळ मोडीत घालून स्टील घ्यायचे ते दिवस, त्यात ही हूल. पलूस, तासगाव, कुठून कुठून बैलगाड्या आल्या. आप्पांनीही घाबरून जमेल तेवढा माल आधीच भरून ठेवला. जिन्यावर डबे, पलंगाखाली पराती. मी आणि काकू ताटल्यांच्या थप्प्यांमध्ये झोपायचो आणि कूस बदलली की घरभर खणखणाट व्हायचा. या खरेदीत आप्पांनी एक पातेलं घेतलं होतं, एवढं मोठं की ते जिन्यावरून वर जाईना. शंभर माणसांची आमटी होईल असं पातेलं. ते कुणीच घेतलं नाही. शेवटी आप्पा ते दुकानाच्या दारात उपडं घालून त्यावर गिऱ्हाइकांना बसवायला लागले.

भाव वाढायचा तो वाढलाच. पण आता लोकांना वाटायला लागलं की बिलावरचा कर गेला म्हणजे भाव उतरेल. एक म्हातारा शेतकरी रोज येऊन आप्पांना विचारायचा, “शेट, कर गेला म्हनत्यात, मग भाव का न्हाई गेला?” आप्पा म्हणायचे, “कर गेला न्हाई काका, आत शिरलाय.” म्हातारा तपेली उचलून तिच्यात डोकावून बघायचा आणि ठेवून निघून जायचा.

याच दिवसांत आप्पा विश्रामबागेतल्या एका वकिलांकडं सल्ल्याला गेले. या वकिलांना कराचं सगळं समजतं अशी ख्याती होती आणि ती त्यांनी स्वतःच पसरवली होती. येताना आप्पांचा चेहरा पातेल्यासारखा उपडा पडलेला. मागोमाग वकीलच दुकानात आले, चष्मा कपाळावर चढवून तात्यांसमोर उभे राहिले आणि बराच वेळ त्यांनी हातोडी बघितली. मग म्हणाले, “हे काय चाललंय?”

“नाव घालतोय,” तात्या म्हणाले.

“नाव घालण्याआधी हे काय होतं?”

“तांब्या.”

“आणि नाव घातल्यावर?”

तात्यांनी तांब्या फिरवून बघितला. “नावाचा तांब्या.”

“झालं!” वकिलांनी आप्पांकडं वळून बोट उचललं. “तुमच्या भावानंच कबुली दिली. माल आला तसा विकला तर कर नाही. पण दुकानदारानं मालावर काम केलं, मालाचं रूप बदललं, तर तो नवा माल. नव्या मालावर नव्यानं कर. तुम्ही आता दुकानदार नाही राहिलात शेठजी. तुम्ही कारखानदार झालात.”

आप्पा मटकन पातेल्यावर बसले. कारखानदार हा शब्द त्या भागात मानाचा. साखर कारखान्यामुळं त्याला फार वजन होतं. पण आप्पांना तो मान नको होता. दोनदा कर म्हणजे आमचा तांब्या शेजारच्यापेक्षा महाग, आणि तांब्या चार आण्यांनी महाग झाला की गिऱ्हाईक मिरजेला जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नावं घालणं बंद करावं, तर नाव नसलेला तांब्या कोण घेणार? रात्री घरात यावर जी चर्चा झाली तशी चर्चा मी पुढं कॉलेजातही ऐकली नाही. आई म्हणाली, कमळ काढू नका, नुसतं नाव घाला, म्हणजे रूप थोडंच बदलेल. काकू म्हणाली, नाव बुडाला घाला, बुडाकडं कोण बघतंय. तात्या मात्र तो तांब्या कंदिलाकडं धरून बघत होते. त्यांच्या अक्षरानं भांड्याचं रूप बदलतं हे एका शिकलेल्या माणसानं पहिल्यांदाच मान्य केलं होतं, आणि मला वाटतं ते मनातून खूश होते.

तोड वकिलांनीच काढली. भांडी विकणारा एक आणि नावं घालणारा दुसरा, असे दोन वेगळे धंदे हवेत. गिऱ्हाइकानं इथं तांब्या घ्यावा, तिथं जाऊन नाव घालून घ्यावं. मजुरीवर कर नाही. अट एकच, दोघे खरोखर वेगळे दिसले पाहिजेत. “एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ वेगळे आहेत यावर कोण विश्वास ठेवील?” वकील म्हणाले. “बिऱ्हाड वेगळं करा. नावापुरतं.”

अशी आमच्या घराची वाटणी झाली. भांडण नाही, तंटा नाही, उलट सगळे मिळून उत्साहानं कामाला लागलो. दुकानात मधोमध खोक्यांच्या फळ्या ठोकल्या. इकडं आप्पा, तिकडं तात्या. फळ्या छातीपर्यंतच पुरल्या, त्यामुळे दोघांना एकमेकांची डोकी दिसायची. मागच्या सोप्यात, म्हणजे परसाकडच्या पडवीत, काकूला स्टोव्ह मांडून दिला, त्यावर दाखवायला एक रिकामं पातेलं. जेवण वर आईकडंच होणार होतं. आप्पांनी सगळ्यांना बसवून ताकीद दिली. दुकानात भूपालला भूपाल म्हणायचं नाही, ‘पलीकडचे शेट’ म्हणायचं. माझ्याकडं बघून म्हणाले, “पद्मे, तू तर लय बोलतीस. तुला कुनी इचारलं तर सांग, दोघं बोलत न्हाईत.” मी मॅट्रिकला होते आणि नाटकात काम करायची हौस होती. मी लगेच कबूल केलं.

आणि वेगळा धंदा म्हटल्यावर मजुरी घ्यायला हवी. तात्यांना संकोच वाटत होता, तेव्हा आप्पांनीच दर ठरवून दिला. अक्षराला दहा पैसे, काना-मात्रा फुकट, जोडाक्षराला दीडपट. कमळ वेगळं.

त्या दिवसापासून सांगलीतली नावं आखडली. काल फुकटात ‘सौ. सुभद्राबाई श्रीपाल’ घालून घेणारी बाई आज ‘सुभी’वर आली. जोडाक्षरवाल्यांचे हाल तर विचारू नका. एक लक्ष्मीबाई फळीला टेकून अर्धा तास हुज्जत घालत होती, शेवटी चिडून तात्यांना म्हणाली, “माझ्या बापाला ठावं असतं तर त्यानं माझं नाव कमळ ठेवलं असतं.” “कमळाचे वेगळे पडत्यात बाई,” तात्या म्हणाले. मामा-मामींच्या सप्रेम भेटीतला ‘सप्रेम’ पहिल्यांदा गेला. पलूसची एक म्हातारी डबा घेऊन आली. तिचं नाव लांबलचक. तात्यांनी अक्षरं मोजून दाखवली तशी ती म्हणाली, “एवढं नगं. नुसतं ‘माजं’ घाल.”

“आवं आजी, ‘माजं’ म्हनजे कुनाचं कळनार?”

“मला कळतंय की!”

तात्यांनी घातलं. मग तिच्या गल्लीतल्या आणखी बायका तेच घालून घेऊन गेल्या. पुढच्या लग्नसराईत तिथं काय झालं असेल याचा विचार करून मी अजून एकटीच हसते. आणि हेही सांगायला हवं की भांड्याचा भाव तेवढाच राहिला, वर आजवर फुकट असलेल्या नावाला पैसे पडायला लागले. कर वाचवायला केलेल्या युक्तीनं गिऱ्हाइकाचा तांब्या महागच झाला. अलीकडं व्हॅट आला तेव्हा पेठेनं दुकानं बंद ठेवली, आणि माझा भाचा मला हातवारे करून समजावत होता की आत्या, आता प्रत्येक टप्प्याला कर, पण आधी भरलेला वजा, म्हणजे भाव वाढायला नको. मी म्हटलं, बाळ, नको असेल, पण वाढेल. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला एवढं तरी समजतंच.

पण मी सांगत होते ते तात्यांचं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्यांच्या डब्यात पैसे साठले. त्यांनी तो डबा आप्पांपुढं नेऊन ठेवला. आप्पा घाईघाईनं म्हणाले, “हितं नगं, कुनी बघंल! तुझ्याकडंच ठेव.” तात्या डबा घेऊन परत फळीपलीकडं गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायात नव्या चपला होत्या. करकर वाजणाऱ्या. ते उगाचच परसात फेऱ्या मारत होते. मग काकूला एक छत्री आली, तिला छत्री हवी होती हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. आणि एका दुपारी मागच्या सोप्यातून स्टोव्हची फर्रफर्र ऐकू आली, पाठोपाठ असा काही वास की आई जिन्यावरच थांबली. काकू दाखवायच्या पातेल्यात खरंच काहीतरी शिजवत होती. मटकीची उसळ, वर लालभडक तर्री. शेजारी तव्यावर हिरव्या मिरच्या तडतडत होत्या, खर्ड्याच्या. मी जाऊन बसले. एका घासात नाक, डोळे, कान सगळं वाहायला लागलं. काकूही खात होती, तिचेही डोळे वाहत होते, आणि ती हसत होती. “पद्मे, आता जेवल्यावानी वाटलं गं,” ती म्हणाली. त्या घरात आल्यापासूनची सगळी वर्षं ती उपाशी होती, हे मला तेव्हा कळलं आणि मला फार वाईट वाटलं.

तरी संध्याकाळी सगळे एका पंगतीला बसायचे. आप्पा तात्यांना म्हणायचे, “काय पलीकडचे शेट, आज धंदा कसा?” आणि स्वतःच खो खो हसायचे. तात्याही हसायचे. त्यांचं हसणं दिवसेंदिवस लहान होत गेलं ते आप्पांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आईच्या आलं असावं, कारण ती तात्यांना मुद्दाम जास्त तूप वाढायला लागली होती.

एका संध्याकाळी अशीच पानं मांडलेली. हातोडी थांबली होती. पिवळी आमटी, भाकरी, दही. ऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर आलं होतं, म्हणजे जेवायला बेताचा वेळ होता. तेवढ्यात खालून दुकानातला नोकर धावत आला, “विक्रीकराचं सायब आलंय!”

जे झालं ते सांगताना मला आजही धाप लागते. तात्या भरलं ताट हातात घेऊन मागच्या जिन्यानं पळाले. काकूनं स्टोव्ह पेटवला आणि रिकामं पातेलं ढवळायला लागली. आप्पा तोंड पुसत खाली उतरले, त्यांच्या मागं मी. शंभर माणसांच्या पातेल्यावर एक साहेब बसले होते. उंच, मिशाळ, पाटणकडचे, साळुंखे नावाचे. मांडीवर पिशवी. आप्पांनी हात जोडले.

“या साहेब. काय सेवा करू?”

“काही नाही, सहजच,” साहेब म्हणाले आणि रस्त्याकडं बघत राहिले.

सहज! विक्रीकराचा साहेब सहज आला, हे ऐकून आप्पांना घाम फुटला. साहेब काही विचारत नाहीत म्हटल्यावर तेच सांगायला लागले. “हे फळीपलीकडचं दुकान वेगळं हाय साहेब. त्येंचा आमचा काय संबंध न्हाई.”

साहेबांनी फळीवरून डोकावून बघितलं. तात्या येऊन बसले होते, ओठाला दही. “तोंड तर एकसारखं आहे,” साहेब म्हणाले.

“सख्खे भाऊ हाय. पन बोलत न्हाई.”

“व्हय,” फळीपलीकडून तात्या म्हणाले, “बोलत न्हाई.”

“लय दिवस झालं बोलत न्हाई,” आप्पा.

“व्हय, आप्पा म्हनत्यात ते खरं हाय,” तात्या.

साहेबांनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग कोयनेकडच्या पावसाबद्दल बोलले. त्यांचा थोरला भाऊ फौजेत आहे, त्याची सुट्टी, त्याची बदली. उन्हाचा पट्टा दारातून रस्त्यावर सरकला, समोरच्या भिंतीवर चढला. वरून आईनं मुद्दाम भांडं आपटलं. आप्पांची नजर भिंतीवर, साहेबांचीही भिंतीवर. आप्पांना उठता येईना, साहेब उठेनात. आणि आमच्या डोळ्यांदेखत दिवस मावळला. आता उद्या सकाळपर्यंत जेवण नाही. फळीपलीकडून तात्यांचा खोल उसासा ऐकू आला.

अंधार पडला तसे साहेब सावरून बसले, रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं, आणि पिशवीतून एक नवा तांब्या काढला. त्यांची भाषाही एकदम गावाकडं गेली. “शेट, रागवू नगा. भनीचं लगीन हाय माझ्या. तांब्यावर नाव घालून पायजे. दिवसा आलो आसतो तर लोक म्हनलं आसतं, सायब फुकटात काम करून घेतोय. म्हनून अंधाराची वाट बघत बसलो हुतो.”

फळीपलीकडून तात्या म्हणाले, “अक्षराला धा पैसे.”

“पैसे? नाव तर समदीकडं फुकट घालत्यात की!”

मग आप्पांनी भडभडून सगळं सांगितलं. वकील, रूप, नवा माल, कारखानदार. साहेब आधी ऐकत होते, मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग मिशा. “आवं शेट, नाव घातलं म्हनून तांब्या नवा हुतोय व्हय? उद्या माझ्या भनीचं नाव सासरी बदलतील, म्हनून ती काय नवी भन झाली? असलं कुनी आमच्या हापिसात बोललं बी न्हाई. तांब्या तांब्याच ऱ्हातो.” त्यांनी डोळे पुसले. पैसे मात्र हट्टानं दिले, आणि ‘सप्रेम’ घालायला सांगितलं. तात्यांनी कंदिलाच्या उजेडात घातलं. आईनं चिवडा पाठवला. उपाशी घरात एकटे साहेब चिवडा खात होते आणि हसू आलं की थांबत होते.

ते गेल्यावर आप्पा इतके आनंदले की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. “सुटलो!” ते म्हणाले. तात्यांचीच हातोडी उचलली आणि पहिली फळी ठोकून मोकळी केली. “काढ रं भूपाल, काढ. उद्यापास्नं पुन्हा सगळं एक. त्यो स्टोव्ह बी वर आण.” दुसऱ्या फळीला हात घातला. तात्यांनी ती फळी पलीकडून धरली.

“आप्पा, ऱ्हाऊ द्या.”

“का रं? आता कुनी बघत न्हाई.”

“म्हनूनच म्हनतो. ऱ्हाऊ द्या.”

आप्पांना समजायला वेळ लागला. आम्हालाही. तात्या वर बघत नव्हते, चपलेकडं बघत होते. “मी तुमच्यावर रागावल्यालो न्हाई,” ते म्हणाले, “पन मला ह्ये बरं वाटतंया.” मागच्या दारात काकू उभी होती, पदर तोंडाला लावून. जिन्यात उभी असलेली आई वर गेली आणि तिनं अंधारात तात्यांच्या पाटाजवळचं तांब्याभांडं उचललं. आप्पांनी काढलेली फळी पुन्हा जागेवर ठेवली. खिळे वाकले होते, ते त्यांनीच सरळ केले.

त्यानंतर दोघे भाऊ खरोखरच बोलेनासे झाले. साहेबांपुढं जे खोटं सांगितलं ते आता पेठेतल्या प्रत्येकाला खरं सांगावं लागत होतं. हातोडी वाजायची, थांबायची, पण तात्या वर यायचे नाहीत. आप्पा जेवताना शेजारच्या रिकाम्या पाटाकडं बघून आईला म्हणायचे, “वकिलाचं वाटोळं झालं पायजे.” मला त्या दिवसांत कुठंही जेवण गोड लागायचं नाही, वर अळणी वाटायचं आणि खाली तिखट.

मग एका सकाळी आप्पांनी टोपी घातली. दुकानात टोपी घालायची त्यांना सवय नव्हती. दारातलं ते शंभर माणसांचं पातेलं त्यांनी सुलटं केलं, पुसलं, मला एक कान धरायला लावला आणि आम्ही ते फिरवून रस्त्यावरून तात्यांच्या बाजूला नेलं. दोन गिऱ्हाइकं आधी उभी होती. आप्पा त्यांच्या मागं उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, “नाव घालायचं हाय.”

तात्यांनी छिन्नी उचलली. “सांगा.”

“चिरंजीव भूपाल आनि सौभाग्यवती सुशीला येंना…” आप्पांनी खाकरून घेतलं. “येंना नव्या बिऱ्हाडाबद्दल थोरल्या भावाकडनं सप्रेम भेट.”

तात्यांची हातोडी हवेतच राहिली. मनात मोजून ते म्हणाले, “लय अक्षरं हुत्यात आप्पा. कमी करा. नुसतं ‘भूपाल’ घालतो.”

“मी गिऱ्हाईक हाय. सांगितलं तेवढं घाल. आनि कमळ बी काढ.”

“आमी दोघंच हाय. एवढं पातेलं कशाला?”

“आमी जेवायला येनार न्हाई व्हय?” आप्पा ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

ते नाव घालायला सकाळ गेली. कमळ तात्यांनी मोठं काढलं. आप्पांनी मजुरी मोजून दिली, तात्यांनी ती घेतली, आणि भवानीचे पैसे लावतात तसे कपाळाला लावून डब्यात टाकले. त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या पुष्कळ आधी आम्ही सगळे मागच्या सोप्यात जेवायला बसलो. पातेलं दारातून आत येईना म्हणून ते परसात पपईखाली ठेवलं होतं. काकूनं वाढलं. आप्पांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “सुशीला,” ते म्हणाले, “आमटी लय तिखट झालीया गं.” आईनं आप्पांच्या ताटात आणखी दही वाढलं. आमटी पिवळी होती. काकूनं त्या दिवशी मिरचीला हातही लावला नव्हता.